कोळंबीला घड्याळ कळत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

तीन रविवारांपूर्वी आपल्या पुरवणीत ‘ओव्हनमधली कोळंबी’ ही कृती आली होती. फोटो सुरेख होता. मजकूर थोडक्यात असा: अर्धा किलो कोळंबी घ्या, लिंबाचा रस लावून दोन तास मुरवा, बारीक चिरलेली लसूण आणि लोणी घाला, ट्रेमध्ये पसरा आणि १८० अंशांवर २५ मिनिटं ‘सोनेरी होईपर्यंत’ भाजा. खाली चौकटीत एक टीप होती. त्या टिपेकडे मी शेवटी येते. पत्र खरं तर तिच्यासाठीच लिहायला बसले, पण कोळंबीचा राग आधी बाहेर पडणार, त्याला इलाज नाही.

मी एका महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं साहाय्यक होते. छापील कृतीबरहुकूम वागणं ही माझी नोकरीच होती. तशीच मी ही कृतीही पाळली. वजन तराजूवर केलं, लिंबाचे दोन तास घड्याळ लावून मोजले, पंचविसाव्या मिनिटाला दार उघडलं. ट्रेमध्ये पांढुरकं पाणी साचलं होतं आणि त्यात आखडून वेटोळी झालेली कोळंबी पोहत होती. पाण्याच्या वर राहिलेली लसूण काळी पडून कडू झालेली. सोनेरी काहीच नव्हतं. आमच्या ह्यांनी एक तोंडात टाकली, बराच वेळ चावली आणि म्हणाले, “अगं, यातल्या एक-दोन बाजूला काढून ठेव. नळाला वॉशर हवाच आहे.” स्वयंपाकघरातला नळ तेव्हा दहा दिवस गळत होता. सून समंजस आहे, ती एवढंच म्हणाली, “आई, पेपरातल्या कृती वाचायच्या असतात, करायच्या नसतात.”

हे वाक्य मला लागलं. तुमच्याही जिव्हारी लागावं म्हणून इथे मुद्दाम देते आहे.

त्यानंतर मी सात वेळा ओव्हन लावला. नोकरी सुटली तरी वही सुटलेली नाही, तेव्हा नोंदी आहेत. पहिल्या खेपेला एका ट्रेमध्ये बारा कोळंब्या ठेवून दर मिनिटाला दोन-दोन काढल्या आणि सुईच्या थर्मामीटरने मधलं तापमान पाहिलं. नंतर लक्षात आलं की दर मिनिटाला दार उघडलं की आतली हवा बाहेर पडते आणि ओव्हन पुन्हा पुन्हा तापत बसतो. म्हणजे प्रयोगच सदोष. विद्यार्थ्यांनी असं केलं असतं तर मी जर्नलवर सही होऊ दिली नसती. मग चार-चार कोळंब्यांचे वेगळे घाणे लावले, प्रत्येक घाण्याला दार एकदाच उघडायचं. खुंटी २०० अंशांवर, ट्रे आतच ठेवून तापवलेला, कोळंबी सोललेली आणि फडक्यानं टिपून कोरडी केलेली. पाच मिनिटांनी मध्यभागी ४९ अंश भरले, सहा मिनिटांनी ५७, सातला ६४, आठला ७०. सात मिनिटांची कोळंबी दाताखाली किंचित कुरकुरली, मग रसाळ लागली. आठची बरी होती. पुरवणीतल्या कृतीसारखी २५ मिनिटं ठेवलेली मी पुन्हा एकदा केली, निव्वळ मोजण्यासाठी. सुई ९० च्या पुढे गेली.

या आकड्यांचा अर्थ सांगते. कोळंबीच्या मांसात दोन मुख्य प्रथिनं आहेत. मायोसिन नावाचं प्रथिन पन्नाशीच्या आसपास गोठतं, तिथे मांस अर्धपारदर्शकाचं दुधाळ व्हायला लागतं आणि दाताला प्रतिकार करतं. खायला हवं ते हेच. दुसरं ॲक्टिन. ते पासष्ट-सत्तरच्या पुढे आखडतं, आणि आखडताना ओलं फडकं पिळावं तसं आतलं पाणी पिळून काढतं. माझ्या ट्रेमधलं पांढुरकं पाणी बरंचसं तेच. अन्नसुरक्षेच्या दृष्टीनं मासे आणि कोळंबीसाठी आतल्या तापमानाची सर्वमान्य खूण ६३ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे सुरक्षित होणं आणि वातड होणं यांत फार तर आठ-दहा अंशांची फट आहे, आणि ओव्हनमध्ये ती फट दीड मिनिटात ओलांडली जाते. अशा पदार्थाला ‘२५ मिनिटं’ अशा मापानं मोजायचं म्हणजे सोनं वजनकाट्याऐवजी मालट्रकच्या काट्यावर तोलण्यासारखं आहे.

आता पाण्याबद्दल. इथे थोडी रेंगाळणार आहे, कारण घरच्या ओव्हनमधल्या बहुतेक फसलेल्या कोळंबीचं मूळ पाण्यातच आहे असं माझं मत झालं आहे.

कोळंबी धुतली, चाळणीत निथळली आणि ट्रेमध्ये टाकली, तर अर्ध्या किलोला सहज दोन मोठे चमचे पाणी चिकटून राहतं. दोन चमचे म्हणजे ३० ग्रॅम, ते काय करणार असं वाटतं. हिशेब करून पाहा. एक ग्रॅम पाणी एका अंशानं तापवायला एक कॅलरी लागते, पण तेच उकळीला आलेलं एक ग्रॅम पाणी वाफेत जायला ५४० कॅलरी खातं. (या कॅलरी पदार्थविज्ञानातल्या, वजन कमी करणाऱ्यांच्या नव्हेत. त्यांची एक म्हणजे आमच्या हजार.) ३० ग्रॅम पाणी १० अंशांवरून उकळीला आणून उडवायला साधारण १९ हजार कॅलरी लागतात. आणि सोलून उरलेली साडेचारशे ग्रॅम कोळंबी १० अंशांवरून ६० पर्यंत शिजवायला? माझ्या कच्च्या हिशेबानं त्याही तेवढ्याच. म्हणजे ते दोन चमचे पाणी ओव्हनमधून अख्ख्या कोळंबीइतकी उष्णता मागून घेतं, आणि ते पुरतं उडेपर्यंत कोळंबीचा पृष्ठभाग १०० च्या वर जाऊच शकत नाही. भाजल्याचा रंग आणि खमंग वास यायला साधारण १४० अंश लागतात. तेव्हा ‘सोनेरी होईपर्यंत’ वाट पाहणारी बाई कशाची वाट पाहते आहे? आधी वरचं पाणी उडायचं, तोवर आतलं पिळून बाहेर यायचं, मग तेही उडायचं. सोनेरी हा शब्द केकच्या कृतीतून इकडे चालत आला असावा असा मला दाट संशय आहे.

उपाय साधा आहे आणि तुमच्या कृतीत तो एका ओळीत मावला असता: कोळंबी स्वच्छ फडक्यावर पसरा, वरून दुसरं फडकं दाबा, आणि ट्रेमध्ये एकीला एक लागणार नाही अशी मांडा. खेटून मांडली की एकीची वाफ दुसरीला लागते आणि भाजण्याऐवजी उकडण्याचा कार्यक्रम होतो.

गोठवलेल्या कोळंबीत तर पाणी दोन ठिकाणी असतं. वर बर्फाचा पातळ लेप असतो, तो सुकू नये म्हणून मुद्दाम दिलेला. आणि काही पाकिटांत कोळंबी फॉस्फेटच्या पाण्यात बुडवलेली असते, ते पाणी मांसात धरून ठेवलं जातं आणि गरम झालं की सुटतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, त्यात कोळंबी आणि मीठ यांपलीकडे काय काय आहे ते वाचावं. चष्मा लागतो, पण वाचावं. आणि गोठवलेली कोळंबी ओट्यावर तासन्‌तास ठेवून वितळवू नये. आदल्या रात्री फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवावी. घाईच असेल तर पिशवीत घट्ट बांधून थंड पाण्यात अर्धा तास.

माझ्या प्रयोगशाळेतल्या सरांनी कधीतरी सांगितलेली गोष्ट इथे उपयोगी पडली. उष्णता वस्तूच्या पोटात कशी शिरते याचं गणित फूरिये या फ्रेंच माणसानं १८२२ साली मांडलं. त्यातून निघणारा एक नियम गृहिणीच्या कामाचा आहे: जाडी दुप्पट झाली तर उष्णता मध्यापर्यंत पोचायला दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. आता पाकिटावरचे आकडे बघा. २१/२५ लिहिलेलं असतं, म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, २१ ते २५ नग. एक कोळंबी १८ ते २२ ग्रॅमची. दुसऱ्या पाकिटावर ६१/७० असतं, ती एकेक सात ग्रॅमच्या आसपास. वजनात तिपटीचा फरक, जाडीत साधारण दीडपटीचा, आणि शिजायच्या वेळेत दुपटीचा. तुमच्या कृतीत नुसतं ‘अर्धा किलो कोळंबी’ लिहिलं आहे. अर्धा किलो कोणती? वीस नगांची की सत्तर नगांची? वजन दिलं आणि आकार दिला नाही, तर पुढे छापलेली मिनिटं कोणाची धरायची?

हे वाचून आमचे हे म्हणाले, “बायकांना एवढं गणित कोण करायला सांगतं, त्या अंदाजानं करतात.” मी म्हटलं, अंदाज म्हणजे मनात केलेलं गणितच असतं. पेपरानं चुकीचा आकडा छापला की तो अंदाज बिघडतो. नवी मुलगी, पहिल्यांदा ओव्हन घेतलेली, ती आपल्या डोळ्यांपेक्षा छापील आकड्यावर विश्वास ठेवते. मी स्वतः साठी ओलांडलेली असून ठेवला.

ओव्हनच्या खुंटीवरचा आकडाही देवाघरचा नसतो. माझ्याकडे ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर नव्हता तेव्हा मी साखर वापरली. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. ॲल्युमिनियमच्या फॉइलच्या चार छोट्या वाट्या केल्या, प्रत्येकीत अर्धा चमचा साखर घातली, त्या ट्रेच्या चार कोपऱ्यांत ठेवल्या आणि खुंटी १८० वर ठेवून पंधरा मिनिटं थांबले. वितळायला नको होती. मागच्या दोन वाट्यांमध्ये साखर वितळून तपकिरी झाली, पुढच्या दोन वाट्यांमध्ये जशीच्या तशी कोरडी. एकाच ट्रेमध्ये मागे १८६ च्या वर आणि पुढे त्याहून कमी. गेली पाच वर्षं माझा केक मागून का करपतो याचा उलगडा त्या दिवशी झाला. म्हणून आता मी अर्ध्या वेळेनंतर ट्रे फिरवते, किंवा मग मोठ्या कोळंब्या मागच्या रांगेत मांडते.

ट्रे आधीपासून तापवावा, हेही कुठेच लिहिलेलं नव्हतं. हवा उष्णतेची फार वाईट वाहक. दोनशे अंशांच्या ओव्हनमध्ये क्षणभर हात घातला तर नुसती धग लागते, पण त्याच तापमानाच्या ट्रेला बोट टेकलं की फोड येतो. कोळंबीलाही हेच लागू. तापल्या ट्रेवर पडताना चर्र आवाज आला पाहिजे. नाही आला तर समजायचं की पुढचा सगळा वेळ ट्रे तापण्यातच जाणार. ट्रेवर बेकिंग पेपर घालत असाल तर त्याचे कडेचे कोपरे कापून टाका. माझ्या तिसऱ्या खेपेला पंख्याच्या वाऱ्यानं एक कोपरा उडाला, वरच्या कॉइलला लागला आणि भुरकन पेटला. दार बंद ठेवून बटण बंद केलं म्हणून तेवढ्यावर निभावलं. यांनी दुसऱ्या खोलीतून विचारलं, “झाली का सोनेरी?”

लिंबाचं एक. आम्लानं प्रथिनांची घडी उसकटते आणि मांस पांढरं, घट्ट होतं. दोन तास लिंबात ठेवलेली कोळंबी ओव्हनमध्ये जाण्यापूर्वीच निम्मी शिजल्यासारखी दिसते आणि पोतही तसाच होऊन बसतो. जंतू मात्र लिंबानं खात्रीनं मरत नाहीत. तेव्हा लिंबू शेवटी, ताटात. मुरवायचंच असेल तर अर्ध्या किलोला एक छोटा चमचा मीठ आणि पाव छोटा चमचा खायचा सोडा चोळून वीस-तीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. सोड्यानं मांस किंचित अल्कधर्मी होतं, पाणी धरून ठेवतं, आणि दाताला तो कुरकुरीत तुटक ताण मिळतो. पाव चमचाच. मी एकदा अर्धा घातला तर साबणाची चव आली.

रंगावरून शिजलेली ओळखायची, असं सून म्हणते. तिचं अर्ध खरं आहे. कच्च्या कोळंबीत केशरी रंगद्रव्य आधीपासूनच असतं, ॲस्टाझँथिन, फ्लेमिंगोच्या पिसांत असतं तेच. पण ते एका प्रथिनाला बांधलेलं असतं आणि त्या बांधणीमुळे करडं-निळसर दिसतं. उष्णतेनं प्रथिनाची पकड सुटली की केशरी मोकळं होतं. पण हे आधी बाहेर घडतं. माझी पाच मिनिटांची कोळंबी बाहेरून छान गुलाबी होती, कापली तर मधे काचेसारखी कच्ची. म्हणून रंग बाहेरून पाहू नये. डोक्याकडच्या जाड टोकाला सुरीनं एक छेद द्यावा आणि आत पाहावं. आत मोत्यासारखं पांढरं दिसलं की काढावी. आणि पाकिटातून काढतानाच गुलाबी असेल तर ती आधीच शिजवलेली आहे. तिला ओव्हनमध्ये फक्त कोमट करायचं. ही चूकही माझी करून झाली आहे.

आकाराची खूण मला जास्त आवडते, कारण तिला सुरी लागत नाही. कोळंबी चंद्रकोरीसारखी वाकली की झाली. शेपूट डोक्याला भिडून पूर्ण कडं झालं की गेली. ती वाकते ते पोटाकडच्या स्नायूमुळे. जिवंतपणी धोका दिसला की कोळंबी याच स्नायूनं शेपटी झटकून मागच्या मागे उडी घेते, आणि ओव्हनमध्ये आखडतो तोही मुख्यतः हाच. पोटाला आडवे दोन-तीन उथळ छेद दिले तर ती सरळ राहते, पण मग आकाराची खूण हातची जाते. मी देत नाही.

कमी आचेवर सावकाश करून पाहू, असंही मनात आलं. १२० अंशांवर, डोक्यासकट. तोंडात घातली तर डोक्याजवळचं मांस पिठूळ झालेलं, बोटानं दाबलं तर चिखल. कोळंबीच्या डोक्यात तिची पचनग्रंथी असते आणि तिच्यातले पाचक रस शेपटीकडे झिरपतात. ते साठ अंशांच्या अलीकडे फार जोमानं काम करतात. मंद आचेवर कोळंबी त्या पट्ट्यात जास्त वेळ रेंगाळते आणि स्वतःला स्वतःच पचवते. डोकं आणल्या आणल्या काढावं, किंवा मग ओव्हन चांगला तापलेला असावा. पाठीवरचा काळा दोरा काढावा तो मुख्यतः त्यातल्या रेतीसाठी. ती आतडी आहे. पोटाकडची बारीक रेघ मज्जातंतूची, ती काढायची काही गरज नाही. साल ठेवून भाजायची तर कात्रीनं पाठीवर चीर देऊन दोरा ओढता येतो. सालीसकटची एक-दीड मिनिट जास्त घेते, पण वास असा येतो की सोललेल्यांनी त्याची बरोबरी करू नये.

आता न्यायाची गोष्ट. कृती लिहिणाऱ्या बाईंनी ती खरोखर करून पाहिली असेल, असं मी धरून चालते. फोटोतलं भांडं मी भिंगानं पाहिलं. तो ट्रे नाही, खोलगट चिनी मातीचं भांडं आहे, आणि कोळंबी दोन थरांत, लोण्यात अर्धी बुडालेली दिसते. तसं असेल तर २५ मिनिटं समजू शकतात. जाड भांडं थंड असतं, तापायला वेळ घेतं, थरांमुळे आणखी. म्हणजे त्यांची मिनिटं त्यांच्या भांड्याची होती. छापताना भांडं गळलं, मिनिटं राहिली. ‘ट्रेमध्ये पसरा’ हे शब्द कुणी घातले ते तुमच्या कार्यालयात विचारून पाहा.

माझी मागणी मोठी नाही. मिनिटं छापायचीच तर सोबत कोळंबीचा आकार, भांडं कोणतं, ओव्हन आधी तापवलेला की थंड, हे छापा. आणि मिनिटांच्या आधी खूण छापा: आत मोत्यासारखं पांढरं, बाहेर चंद्रकोर, थर्मामीटर असेल तर ६३. जागा तेवढीच लागेल.

आणि आता ती चौकट. त्यात छापलं होतं की कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती पूर्ण शिजवून खाल्ली तर त्रास होत नाही.

हे चूक आहे, आणि वातड कोळंबीसारखं हसण्यावारी नेण्याचं नाही. कोळंबीची ॲलर्जी मुख्यतः ज्या प्रथिनामुळे होते ते ट्रोपोमायोसिन. तेही स्नायूतलंच, पण मायोसिन-ॲक्टिनसारखं उष्णतेनं कामातून जात नाही. उकडा, तळा, २०० अंशांवर भाजा, त्याचा त्रास देण्याचा गुण टिकतो. शिजताना उठणाऱ्या वाफेतूनही ते पसरतं आणि फार संवेदनशील माणसाला तेवढंही पुरतं. खेकडा, शेवंड यांच्यातही याच घराण्यातलं प्रथिन असतं, त्यामुळे एकाचा त्रास असलेल्याला दुसऱ्याचाही होऊ शकतो. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा बारा वर्षांचा असताना आमच्याकडे जेवायला बसला होता. त्याला कोळंबी चालत नाही हे माहीत होतं, म्हणून त्याच्यासाठी बटाटे वेगळे भाजले. ट्रे मात्र तोच होता, नुसता पुसलेला. पहिल्या चार घासांत ओठ सुजले, मग आवाज बसला. गाडी दारातच होती म्हणून वेळेत दवाखान्यात पोचलो. तो पुसलेला ट्रे मी पुसला होता. शिजलं की सगळं मरतं, अशी माझीही समजूत होती तेव्हा, आणि प्रयोगशाळेत नोकरी करून होती.

तुमची चौकट कात्रणं ठेवणाऱ्या घरांत फ्रिजच्या दारावर लागलेली असेल. त्यातल्या एखाद्या घरात असा मुलगा असेल. दुरुस्ती छापाल तेव्हा ती कृती ज्या पानावर, ज्या टाइपात आली होती, त्याच पानावर, त्याच टाइपात छापावी. आतल्या पानावर दोन ओळींत नको.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक

ता. क. पत्र लांबलं आहे, कात्री लागणार हे मला कळतं. साखरेचा परिच्छेद काढलात तरी चालेल, फूरियेही गेला तरी हरकत नाही. चौकटीबद्दलचा मजकूर मात्र एकही शब्द न गाळता छापा.